मामांनी दुमडलेलं पान

शेजारच्या मामांना एखादा पदार्थ कसा झालाय असं विचारलं, की ते आधी डोळे मिटतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "परवाइल्लै." म्हणजे तमिळमध्ये 'ठीक आहे, चालेल.' घरची इडली असो की लग्नातली बासुंदी, शेरा हाच. मामी तर आता विचारतच नाहीत.

राजवाड्यापाशी दोन दिवसांचा खाद्यमहोत्सव भरला, तेव्हा शनिवारी मी दोघांना घेऊन गेले. मामा प्रत्येक टेबलाशी चव घ्यायचे, परवाइल्लै म्हणायचे आणि पुन्हा त्याच रांगेत उभे राहायचे. शेवटी टीव्हीवर दिसणाऱ्या मुंबईच्या एका शेफने स्वतः डांगर पचडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, वाढली, तळहाताएवढ्या केळीच्या पानावर. मामांनी बोटाने निपटून पान साफ केलं आणि त्याची वरची बाजू हळूच आपल्याकडे दुमडली.

शेफचा चेहरा पडला. "काका, झाकून ठेवलंत? आवडलं नाही?"

"परवाइल्लै," मामा म्हणाले.

मीच हसू दाबत सांगितलं, की आमच्याकडे तमिळ मुलखात जेवण मनापासून आवडलं की पान असं आपल्याकडे दुमडतात. तो खूश होऊन मामांच्या पाया पडला. मामी मात्र त्या दुमडलेल्या पानाकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरी कित्येक वर्षं स्टीलच्या ताटातच जेवतात.

रविवारी दुपारी मी वाटी परत द्यायला गेले. मामांपुढे भलंमोठं केळीचं पान मांडलेलं होतं आणि मामी कमरेवर हात ठेवून समोर उभ्या होत्या.

"जेवा सावकाश," त्या म्हणाल्या. "मी इथून हलत नाही."