सावली कुठे सरकते

सनस्क्रीनचा वास आला की वेलिंग्टनची ती भर शहरातली चौपाटी आठवते. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आई पुण्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे न्यूझीलंडला, वेलिंग्टनशेजारच्या लोअर हटला आली होती. चौपाटीवर लाल फुलांनी लगडलेलं पोहुटुकावाचं झाड होतं. आईने चटई त्याच्या उत्तरेला, चक्क उन्हात अंथरली. “सावली आत्ता इकडे येईल. जन्मभर पापड वाळवलेत मी!” सावली मात्र दक्षिणेकडे सरकत गेली. तिथे बसलेली एक ग्रीक आजी हसून इंग्रजीत म्हणाली, “इकडे या. आमच्या ग्रीसमध्येही सावली उत्तरेलाच येते, मीही अशीच फसले होते. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो.” मी आईला मराठीत सांगितलं. ओशाळायला तिला वेळच नव्हता. तिने मसालेभाताचा डाव वाळूत उभा रोवला आणि जेवण विसरून त्याची सावली बघत बसली. “अगं, हे तर घड्याळच उलटं!” आई आता नाही. परवा भूमध्य समुद्राकाठच्या एका शहरात, तशाच चौपाटीवर, मी सवयीने झाडाच्या दक्षिणेला चटई टाकली. थोड्या वेळाने मी उन्हात होते, आणि सावली आईने सांगितलेल्या बाजूला.