सुनेचा ताप मीच कडी लावून कोंडला

आता काय सांगू बाप्पा! आधी तो चहा संपवा, नाईतर हासता हासता नाकातून येईन. माह्या तोंडानं सुनेचा पगार कसा बुडवत आणला, थे सांगते.

माही सून सुनंदा अहेरीकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाले होती. पोटुशी राह्यली अन् मलेरियानं धरली. दिवसाआड थंडी वाजून ताप! कामावर जाईन कशी? अन् शाळेचा नियम असा का कामाचे दिवस भरले तरच बाळंतपणाची पगारी सुट्टी. आजारपण खरं निघालं तर थे दिवस बी धरणार. नाई तर बसा घरी फुकट! चौकशीले साहेब येणार होता. मले तर बसवत नव्हतं. अंगणातून दारात, दारातून अंगणात! साहेब म्हणजे जीपच येईन ना?

आला कोण? धुळीनं भरलेला एक माणूस, पायी, खांद्याले झोरा.

"आजी, घरात कोणाला ताप आहे का?"

आता तुमीच सांगा, आमच्याकडं झोरा घेऊन असं कोण इचारते? मलेरियावाला! ताप हाय म्हटलं का बोटाले सुई टोचते, रक्त घेते, अन् घरभर दवा फवारते, पापडासकट! पोर आधीच वाळून गेली, तिचं रक्त आणखी काऊन देऊ?

"थांबा, पाहून येते," म्हटलं. आत गेली, सुनंदाले गोधडीसकट मागच्या खोलीत कोंबलं, बाहेरून कडी!

"कोणालेच नाई भाऊ!"

"सूनबाई कुठे आहे?"

"चढली असन मोहाच्या झाडावर. दणकट हाय! काल तळ्यावरून दोन हंडे आणले, वरून मासोळीची पाटी."

थो ओट्यावर बसून लिहून राह्यला. मले अजून चेव आला. "लगनात रातभर नाचली!"

"या अवस्थेत?"

"हाव! पोट तर तिले जाणवतही नाई."

मागून दार धडधडलं.

"आत कोण आहे?"

"बकरी."

"आई, कडी काढा ना!" बकरी बोलली.

त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् शेजारच्या पार्बतीले हाक मारली. "बाई, यांच्या घरी कोणाला ताप आहे?"

पार्बती माहीच मैतरीण. तिनं झोरा पाह्यला अन् दंडावरचा डास मारत म्हणते, "ताप? अजी, आमच्या गावात डासच नाई!"

थो उठला. "ठीक. म्हणजे आजारपण खोटं. शाळेत तसंच कळवतो."

शाळेत? मी त्याचा झोराच धरला. "तुमी... रक्तवाले नाई?"

"मी चौकशीला आलोय, आजी!"

पळत जाऊन कडी काढली. सुनंदा भर उन्हात गोधडी गुंडाळून बाहेर आली, दात कडकड वाजून राह्यले.

"साहेब, झाड खोटं, नाचणं खोटं, ताप खरा! हात लावून पाहा!"

"आता हे तरी खरं कशावरून?"

सुनंदानं हात पुढं केला. त्यानं मनगट धरलं अन् चटका बसल्यासारखं सोडलं. खाली बसला, लिहिलं, कागद माह्यापुढं केला. "सही करा."

आमच्या गल्लीत सही येणारी म्हातारी मी एकटीच! वाचते कोण? छाती फुगवून ठोकली, बापाच्या नावासकट.

सुनंदा गोधडीतून मान काढून वाचाले लागली, "ताप प्रत्यक्ष पाहिला. आजारपणाचे दिवस धरून सुट्टी पगारी द्यावी."

"पाह्य, जमवलं का नाई मी!"

"थांबा आई, पुढं हाय. सासूबाईंचे बोलणे विश्वास ठेवण्याजोगे नाही, हे त्यांना स्वतःला मान्य आहे."