नगरसेविकेचे पप्पा

दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात रॉक तुस्कानो अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर आहे. त्याच्या सहीशिवाय तिथून एक स्क्रू बाहेर जात नाही. पण एवढ्या सहीवर समाधान मानेल तो वसईकर कसला! मोठेपणाची हौस राहून गेली होती, ती मुलीने पुरी केली.

सँड्रा इथेच वाढली, नर्स होऊन आयर्लंडला गेली, तिकडचीच झाली आणि दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये तिथल्या जिल्हा कौन्सिलवर निवडून आली. तिकडची मतमोजणी म्हणजे एक प्रकरणच. हरलेल्यांची दुसऱ्या पसंतीची मतं उरलेल्यांना वाटतात आणि पुन्हा मोजतात. अशा अकराव्या फेरीत पोरगी कशीबशी तरली. रॉकने सगळीकडे ‘प्रचंड बहुमताने’ असं सांगितलं.

नगरसेवक म्हणजे काय, हे रॉकने वसईत पाहिलेलं. पांढरी गाडी, मागे चार माणसं, आणि एका फोनवर काम फत्ते. सँड्राच्या फोटोत मात्र ती रेनकोट घालून खड्ड्याकडे बोट दाखवत उभी असायची.

“निवडून येऊन खड्डेच दाखवते?” रॉक कुरकुरायचा.

“तिला तेच काम दिलंय रे,” बायको मिल्ड्रेड म्हणायची.

रॉकला ते पटलं नाही. त्याने आपल्या घरीच तिचं ऑफिस थाटलं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की चहाला माणसं जमायची, कुणाच्या भाच्याची नोकरी, कुणाचं ॲडमिशन. रॉक मान डोलवून म्हणायचा, “सँड्राच्या कानावर घालतो.”

त्यात सॅव्हियो आला. गाववाला, तीस वर्षांचा दोस्त. त्याच्या मुलाला आयर्लंडच्या एका हॉटेलात कुकची नोकरी लागली होती, पण व्हिसा अडकला होता. रॉकने ऐटीत फोन लावला.

“पप्पा, आय डू फूटपाथ्स,” सँड्रा म्हणाली. “फूटपाथ, गटारं, लायब्ररी. व्हिसा माझ्याकडे नाही. आणि असता तरी मी कुणाला सांगितलं नसतं.”

“अगं, एक फोन तर करायचा!”

“असा एक फोन केला ना, तर माझी सीट जाईल.”

रॉकने फोन ठेवला आणि सॅव्हियोला सांगितलं, “बोललोय मी. इन्शाल्ला होऊन जाईल.” या मुलुखात इन्शाल्ला हा फार सोयीचा शब्द. त्यात होही मावतं, नाहीही मावतं. रॉकने त्यावर तीन महिने काढले.

आणि व्हिसा आला! त्याचा नंबर लागला म्हणून आला. सॅव्हियो भलाथोरला केक घेऊन हजर झाला, रॉकच्या गळ्यात पडून रडला. खरं सांगायची वेळ तीच होती. पण रॉकच्या तोंडात केक होता. तो गिळून तो एवढंच म्हणाला, “अरे, आपलाच पोरगा आहे.”

दोनच दिवसांत सॅव्हियोने सँड्राच्या कौन्सिलच्या कामाच्या फेसबुक पानावर केकचा फोटो टाकला. खाली लिहिलं, मुलाचा व्हिसा करून दिल्याबद्दल कौन्सिलर सँड्रा आणि तिच्या वडिलांचे आभार.

सँड्राचा फोन आला तेव्हा ती ओरडली नाही. रॉक त्यानेच घाबरला.

“विरोधकांनी कम्प्लेंट केलीय, पप्पा. मंगळवारी कौन्सिलच्या बैठकीत मला सगळ्यांसमोर उत्तर द्यायचंय.”

“सॅव्हियोला डिलीट करायला सांगू?”

“स्क्रीनशॉट सगळीकडे गेलेत. आता डिलीट केलं तर लपवलं म्हणतील.” सँड्रा म्हणाली. “दारोदार फिरून मतं मागितलीत मी. लोक आता मला चोर समजतायत.”

तुम्ही काहीतरी करा, असं ती म्हणाली नाही. रॉकला ते फार लागलं. पोरीने बापाकडून काही मागायचंच सोडून दिलं, असं त्याला वाटलं.

तो तडक सॅव्हियोकडे गेला. “मी खोटं बोललो. पोराचं काम पोराच्या हिमतीवर झालं. मी काही केलं नाही, तिनेही नाही.”

सॅव्हियोने गावच्या बोलीत दहा मिनिटं शिव्या घातल्या. रॉकने मान खाली घालून त्या ऐकल्या. मग दोघांनी डोकं लावून इंग्रजी जुळवलं आणि रॉकने त्याच फोटोखाली आपल्या नावानिशी लिहिलं:

‘मी मित्राशी खोटं बोललो. मी मुलीकडे काम मागितलं होतं. तिने नकार दिला. आमच्यापैकी कुणाचंही एकसुद्धा काम तिने आजवर केलेलं नाही.’

वसईत नगरसेवकाबद्दल कुणी असं लिहिलं असतं तर तो नगरसेवक जन्मभरासाठी पडला असता. तिकडे मंगळवारी सँड्राने बापाचं लिहिणं उभं राहून वाचून दाखवलं. सॅव्हियोच्या मुलाच्या व्हिसाची तारीख आणि कागदही नीट निघाले, आणि तक्रार तिथेच मिटली. तिने घरी फोन केला, पण दोघांनाही धड बोलता आलं नाही. मिल्ड्रेडनेच हवापाणी विचारून वेळ निभावली.

पुढच्या रविवारी चहाला कुणी फिरकलं नाही. दुपारी खालच्या मजल्यावरच्या नूरजहाँबाई तेवढ्या आल्या. त्यांनी फेसबुक पाहिलेलं नव्हतं.

“भाईसाब, मेरी भतीजी का छोटा सा काम था. आपकी बेटी से...”

“नहीं करेगी,” रॉक म्हणाला.

“एक फोन भी नहीं?”

“बाप के लिए नहीं किया!” रॉक म्हणाला, आणि त्याची छाती अशी फुगली की मिल्ड्रेडला हसू आवरेना.