तेजसची एकच उडी

बॅलेचं वेड लागलेली माणसं आमच्या उपनगरांत किती असतील? माझ्या ओळखीची चार, त्यात मी एक. पण किस्से म्हणाल तर फ्रिजच्या दारातल्या सॉसच्या पुड्यांसारखे झालेत. मुद्दाम कोणी जमवत नाही, तरी दार उघडलं की दोन-चार पायावर पडतातच.

मी सुमा, मुलुंडची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला बसते. बसते म्हणायचं आपलं, मला बसता येत नाही. टेबलाखाली पाय सारखा हलत असतो. शैला घाटकोपरची, फिजिओथेरपिस्ट. पेडणेकर काका बोरिवलीचे, त्यांनी आयुष्यभर मराठी नाटकांचा पडदा ओढला. आणि तेजस अंधेरीचा, कॉम्प्युटरवाला. आमच्यात नुसता न बघता खरोखर नाचणारा तो एकटाच. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'टाचा वर'. ते शैलाने ठेवलं. मला आवडलं नव्हतं, पण मला पहिल्या दिवशी काहीच आवडत नाही.

*

आम्ही भेटलो घाटकोपरच्या मॉलमध्ये. तिथल्या थिएटरात रविवारी सकाळी परदेशातल्या बॅलेचं रेकॉर्डिंग दाखवायचे. अख्ख्या हॉलमध्ये चार माणसं, चार कोपऱ्यांत. एसी असा की दात वाजत होते. मॅनेजर आत आला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लावू ना? की कोणाची वाट बघताय?"

आम्ही तिघं आपापले, मुद्दाम बॅलेच बघायला आलो होतो. काकांना हवा होता तो मराठी सिनेमा हाउसफुल्ल होता, म्हणून ते इथे शिरले होते. इंटरव्हलला त्यांनी समोसा हातात घेऊन आम्हाला गाठलं. "काय हो, यात कोणी बोलतच नाही. प्रॉम्प्टरने करायचं काय?"

तेजसने त्यांना समजावलं की यात सगळं पायांनी सांगतात. काकांनी समोशाचा घास घेतला. मग म्हणाले, "बरं आहे. पाठांतराची भानगड नाही."

पुढच्या रविवारी ते आमच्या आधी येऊन बसले होते.

*

नाटकात गाणं रंगलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' मागतात, आणि नट ते गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. काकांचा जन्म त्यात गेलेला. एका रविवारी पडद्यावर ती लांब मानेची बाई नाचली. आम्ही तिला लांबमानीच म्हणतो, तिचं खरं नाव उच्चारायला आमची जीभ वळत नाही. ती एका पायावर उभी राहिली ती उभीच राहिली, आणि मी श्वास घ्यायला विसरले. तेवढ्यात मागून काकांचा खणखणीत आवाज. "वन्स मोअर!"

तेजस म्हणाला, "काका, रेकॉर्डिंग आहे हे."

"असू दे रे. आपण मागायचं. द्यायचं की नाही ते त्यांनी बघावं."

*

शैलाला आवडते नाचणारे वगैरे नाहीत. तिला आवडते घोटे आहेत. मी लांबमानीचे फोटो पाठवले की हिचं उत्तर, "चेहरा नको गं, खालचं पाठव." आम्ही वा वा करत असतो तेव्हा ही पुटपुटत असते, "हिचा डावा गुडघा जाणार बघ." आणि उडी आली की सरळ डोळे मिटते. दिवसभर मोडलेली माणसं बघितल्यावर आणखी एक मोडताना तिला बघवत नाही.

मी एकदा वैतागून विचारलं, "मग तिकीट कशाला काढतेस?"

"कान आहेत ना. नीट उतरला तर आवाज येत नाही. धपकन आला की समजायचं, वाट लागली."

एकदा परदेशी कंपनी खरोखर मुंबईत आली. आम्ही चौघं नटूनथटून गेलो. सिनेमात कधी न ऐकलेली गोष्ट तिथे ऐकली. त्या पऱ्यांसारख्या बायकांच्या बुटांचा लाकडावर टकटक आवाज येतो, धापा लागलेल्या ऐकू येतात. मला रडूच आलं. माणसाला एवढं सुंदर काही करता येतं आणि मी सकाळपासून लघवीच्या बाटल्यांवर नावं लिहीत होते.

पुढच्या खुर्चीतले गृहस्थ मागे वळले. मला वाटलं, रुमाल देतायत. म्हणाले, "मॅडम, तुमचा पाय माझ्या पाठीत नाचतोय."

*

आता तेजस. हा पठ्ठ्या तिशीला टेकल्यावर बॅले शिकायला गेला. अंधेरीत एका शाळेच्या हॉलमध्ये क्लास चालतो, तिथे हा एकटा दाढीवाला आणि बाकी सगळ्या दोन वेण्यांच्या मुली. त्या त्याला दटावायच्या. "दादा, पोट आत. दादा, खांदे खाली." हा निमूट ऐकायचा. ऑफिसात बॉसचं ऐकत नसेल एवढं.

क्लासच्या कार्यक्रमात मिसने त्याला एकट्याचा नाच दिला. त्यात शेवटी एक मोठी उडी. आणि त्याच सुमाराला गुडघा गेला. नाचताना गेला असता तर निदान सांगायला बरं. सोसायटीत बॅडमिंटन खेळताना गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, उड्यांचं विसरा. तेजसने ग्रुप सोडला. फोन उचलेना. लांबमानीचा नवा व्हिडिओ पाठवला तरी बघेना.

शैला त्याच्या घरी जाऊन धडकली. काय बोलली माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी तिच्या क्लिनिकमध्ये टेबलावर पडून ओरडत होता. वर्षभर. पुढच्या कार्यक्रमाची वेळ आली तेव्हा मिस म्हणाल्या, तुझा नाच मी ठेवलाय, यंदा करणार असशील तर कर, आणखी थांबता येणार नाही.

तेजस आमच्यासमोर शैलाला म्हणाला, "ताई, एकदा स्टेजवर उडू दे. मग गुडघा गेला तरी चालेल."

शैला एवढी भडकलेली मी कधी पाहिली नव्हती. "गेला तरी चालेल? वर्षभर मी मेहनत केलीय त्याच्यावर. तो आता माझा गुडघा आहे." मग वाकून त्याचा गुडघा चाचपत राहिली. शेवटी म्हणाली, "एक उडी. तालमीत नाही, थेट स्टेजवर. एक तो गुडघा सोसेल. दुसरीची खात्री मी देणार नाही."

*

कार्यक्रम बोरिवलीच्या नाट्यगृहात. तिथे काकांना कोण ओळखत नाही! पडदा मीच ओढणार म्हणाले आणि दुपारपासून विंगेत ठाण मांडून बसले. मी आणि शैला तिसऱ्या रांगेत. मला सकाळपासून चैन नव्हतं, लॅबमध्ये दोघांचे रिपोर्ट उलटसुलट दिले होते. शैला एकदम शांत, म्हणजे जास्तच घाबरलेली.

तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. नाचासाठी स्टेजवर काळी शीट अंथरली होती. आणि अगदी पुढे, मधोमध, काहीतरी चकाकत होतं.

"ते काय गं?" शैला.

"लाइट पडला असेल."

मग मला तेजसने सांगितलेलं दुपारचं आठवलं. प्रयोगाआधी रंगमंचाची पूजा करायची, नारळ फोडायचा, हा काकांचा नेम. एरवी ते नारळ कडेला फोडतात. त्या दिवशी त्यांनी तेजसला विचारलं होतं, "उडी मारून उतरतोस कुठे, ती जागा दाखव." तेजसने दाखवली. काकांनी डोळे मिटून हात जोडले, गुडघ्यासाठी गाऱ्हाणं घातलं आणि नारळ बरोबर तिथेच फोडला. पाणी पुसलंही होतं म्हणे, खांद्यावरच्या नॅपकिनने. पण त्या शीटवर नारळाचं पाणी असं कोरडं पुसून जातं का?

छोट्या मुलींचा नाच सुरू झाला. त्यातली एक त्या जागी आली आणि सर्रकन घसरली. पडली नाही, सावरली. शैलाने माझा हात असा धरला की दोन दिवस वळ होते. पुढचा नाच तेजसचा होता.

मी काकांना फोन लावला. बंद. तिसऱ्या घंटेनंतर फोन चालू ठेवणाऱ्याला काका विंगेत उभं करत नाहीत, मग स्वतःचा कशाला ठेवतील? मी उठले. दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला, "मॅडम, बसून घ्या." म्हटलं, "अहो, तिकडे पाणी आहे." तो म्हणाला, "पाणी बाहेर कॅन्टीनला मिळेल." तोवर मुली आत गेल्या, दिवे निळे झाले आणि तेजसचं संगीत सुरू झालं. मी होते तिथेच पायरीवर बसले.

डावीकडच्या विंगेतून कोणीतरी आलं. पण तेजस नव्हता.

पेडणेकर काका. पांढरा हाफ शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अनवाणी. जन्मात कधी पडद्यापुढे न आलेला माणूस निळ्या उजेडात सावकाश चालत मधोमध आला. खाली बसला. नॅपकिन ओला करून आणला होता, त्याने पुसलं. मग शर्ट काढला आणि कोरडं केलं. तळवा फिरवून पाहिला. पुन्हा पुसलं. पुन्हा तळवा. संगीत चालू, हॉल चिडीचूप. शेवटी त्या जागेला हात लावून कपाळाला लावला आणि काका बनियनवरच, आले तसे सावकाश चालत आत गेले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाई मुलाला म्हणाल्या, "बघ, किती मॉडर्न बसवलंय."

मग तेजस आला. मी खुर्चीत परतले. तो नाचला, काय नाचला! दाढीवाला, थोडा जाड, एक गुडघा शैलाचा. मी रडत होते आणि हसत होते. शेवटचं वळण आलं, तो मागे गेला, धावला.

शैलाने डोळे मिटले. तो उडाला. मला वाटलं आता हा खाली येतच नाही.

"उतरला का गं?" शैला डोळे मिटूनच कुजबुजली.

"कधीच."

"आवाज नाही आला."

"नाहीच आला."

तिने डोळे उघडले आणि लहान मुलीसारखी ओक्साबोक्शी रडायला लागली. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. तेजस मधोमध उभा, छाती वरखाली, हसतोय.

आणि डावीकडच्या विंगेतून, बनियनवर असलेल्या माणसाचा, खणखणीत आवाज आला. "वन्स मोअर!"

हॉलने तो उचलला. वन्स मोअर, वन्स मोअर. शैला उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडत होती, "नाही, नाही, एकच!" कोणाला ऐकू जाणार?

तेजसने आमच्याकडे पाहिलं. मग विंगेकडे पाहिलं. आणि हसत हसत, पुन्हा धाव घ्यायला, मागे चालत निघाला.

शैलाने डोळे मिटले. या वेळी मीही मिटले.