दोन मिनिटं नऊ सेकंद

घड्याळजींनी दुकान बंद केलं तेव्हा पाटी काढली नाही, नुसतं शटर ओढलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, डोळे थकले आता. डोळ्यांना काही झालं नव्हतं. केसाएवढ्या स्प्रिंगचा वाक ते अजून दुरून ओळखत. बिघडला होता उजवा हात. चिमट्यात स्क्रू धरला की तो थरथरू लागे, आणि तिळाएवढा स्क्रू टेबलाखाली कुठे गडप होई ते त्या स्क्रूलाच ठाऊक. शेवटचे काही महिने ते गिऱ्हाइकासमोर घड्याळ उघडत नसत. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या बायकोकडून लिहून घेत. आपलं अक्षर कोणाच्या नजरेला पडू नये याची त्यांनी चोख व्यवस्था केली होती.

चाळीस वर्षं लोकांची वेळ सरळ करणारा तो हात पुढे खिशातच राहू लागला. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. सगळे म्हणजे दोघी. मुलगा जहाजावर, सहा महिन्यांनी उगवणारा. घरात बायको आणि सूनबाई. सूनबाई दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना सांगायची, श्वास धरा, हलू नका. आणि घरी आली की स्वतःच अर्धा तास न हलता सोफ्यावर पडायची. हाताबद्दल दोघींपैकी कोणी बोलत नसे.

दुकान बंद झाल्याला वर्ष झालं त्या आठवड्यात सूनबाई एक लांबट खोकं घेऊन आली. आत दुर्बीण होती, पांढऱ्या नळीची, तीन पायांच्या तिवईवर बसणारी. दोन आठवडे ती रोज जेवणाच्या सुट्टीत दुर्बिणींबद्दल वाचत होती, हे घड्याळजींना नंतर कळलं. देताना ती एवढंच म्हणाली की बाबा, रोज संध्याकाळी भिंतीकडे बघत बसता, जरा वर बघा.

मागच्या अंगणात कपड्यांची दोरी आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये तिवई उभी राहिली. दिवेलागणीनंतर सूनबाईने फोनवर बघून बोट दाखवलं: दोरीच्या वर तो पिवळट, न लुकलुकणारा ठिपका म्हणजे शनी. घड्याळजींनी एक डोळा मिटला. एक डोळा मिटून बघण्यात त्यांची हयात गेली होती, त्यात त्यांना कोणी काही शिकवायला नको होतं. नळी इकडेतिकडे करता करता तो एकदम समोर आला. कडीसकट. बायकी घड्याळातल्या बारक्या चाकाएवढा, आणि भोवती खरोखरची कडी, मध्ये काळी फट.

मग त्यांनी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकली, आणि म्हणाली, सगळं काळं दिसतंय. त्यांनी पाहिलं तर खरंच काळं. पुन्हा शोधला, पुन्हा बोलावलं, पुन्हा जागा रिकामी. तिसऱ्या खेपेला बायकोने कंबर सरळ केली.

"लोकांच्या मागे साडेसाती लागते. तुम्ही तिच्या मागे लागलात, मग ती पळणारच."

तिघंही हसले. पण दुसऱ्या संध्याकाळीही तेच झालं, आणि तेव्हा घड्याळजी हसले नाहीत. नळीला हात असेपर्यंत शनी पाण्यातल्या दिव्यासारखा थरथरे. हात काढला की थरथर थांबे, पण तो हळूच कडेकडे सरकू लागे आणि दिसेनासा होई. थरथर आपली, हे त्यांना कबूल होतं. पण हे सरकणं कोणाचं? एक तर तिवईच्या माथ्यावरच्या जोडात चाकाचा दाता निसटत होता. नाहीतर हात काढताना आपण नळीला धक्का देत होतो आणि तो आपल्याला कळतही नव्हता. पहिलं खरं असलं तर त्याला दुरुस्ती होती. दुसरं खरं असलं तर काम गेलं तसं बघणंही गेलं. आता त्यांच्याकडे उरलं होतं ते बघणंच.

म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की चाक निसटतंय, वस्तू सदोष आहे.

बायको दोरीवरचे कपडे काढत होती. "नाचता येईना, अंगण वाकडं," ती सवयीने बोलून गेली. मग तिची नजर त्यांच्या खिशाकडे गेली, आणि हातातला वाळलेला टॉवेल तिने पुन्हा दोरीवर टाकला.

सूनबाईचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, दुकानदाराने आठ दिवसांची मुदत दिली आहे, रविवारी बदलून आणू. घड्याळजींनी रिवाजाप्रमाणे चिठ्ठी लिहवली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला ते अशी चिठ्ठी दोऱ्याने बांधत. बायकोच्या गोल अक्षरात चिठ्ठी तिवईच्या पायाला लटकली: मालक, सूनबाई. तक्रार, ग्रह ठरत नाही.

पण चाक न उघडता कसं राहवणार? दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि जोड उघडायला घेतला. पहिलाच स्क्रू चिमट्यातून उडाला. बायकोने तो फरशीवरून उचलला, आणि चिमटा त्यांच्या हातातून काढून घेतला. चाळीस वर्षांत त्या चिमट्याला तिने हात लावला नव्हता. दुकानात केर काढायची तेव्हा टेबलाजवळ श्वाससुद्धा बेताने घ्यायची. आता ती स्क्रू काढत गेली आणि ते सांगत गेले, डावीकडे, आणखी जरा, बस.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी एकेक दाता तपासला. दाते कोरे होते, ग्रीस ताजं होतं. निसटण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"चाक बरं आहे," ते म्हणाले.

उरलेलं वाक्य बायकोला न बोलता कळलं. तिने स्क्रू परत बसवायला सुरुवात केली. मध्येच म्हणाली, एखादा माझ्याकडून हरवला असता तर? ते म्हणाले, शोधला असता. मी काय कमी शोधलेत? दोघं टेबलाशी बराच वेळ बसून राहिले. खरं तर काम कधीच संपलं होतं.

शनिवारी संध्याकाळी खोकं माळ्यावरून खाली आलं. सकाळी दुर्बीण परत जायची होती. चाक बरं आहे हे घड्याळजींनी सूनबाईला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. पण धंद्याचा एक नियम त्यांना सोडवेना. घड्याळ मागे पडतं असं नुसतं म्हणून ते कधी कोणाला परत केलं नव्हतं. किती सेकंद मागे पडतं ते सांगून केलं होतं. त्यांनी कपाटातलं जुनं स्टॉपवॉच काढलं.

शनी एका कडेला आणून ठेवला. दोन्ही हात मागे बांधले, स्टॉपवॉच डाव्या मुठीत. थरथर निवेपर्यंत थांबले, मग नुसता डोळा लावला. शनी या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत गेला. दोन मिनिटं नऊ सेकंद. पुन्हा केलं. दोन मिनिटं नऊ. तिसऱ्यांदा दोन मिनिटं दहा, पण त्या वेळी बोट उशिरा पडलं होतं, ते त्यांना जाणवलं.

घड्याळजी विचार करू लागले. धक्का एकदा जास्त बसतो, एकदा कमी. निसटणारं चाक अडतं, मग उडी मारतं. इतक्या सारख्या चालीने चालतं ते फक्त एक चांगलं घड्याळ. मग त्यांना आणखी एक परीक्षा सुचली. त्यांनी नळी उत्तरेला, शेजाऱ्यांच्या गच्चीवर वळवली आणि ध्रुव पकडला. दोन मिनिटं नऊ सेकंद गेले. पाच मिनिटं गेली. ध्रुव होता तिथेच होता. म्हणजे काटा फिरत होता आणि त्याचा खिळा जागेवर होता.

सवयीने उजवा हात खिशात घालून ते पालथ्या बादलीवर बसले. हे चौथीच्या पुस्तकात होतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते: गुरुजींना घडाघडा म्हणून दाखवलं होतं, शाबासकी घेतली होती. पुढे जन्मभर त्याच फेऱ्याला लोकांची घड्याळं जुळवून दिली. चालताना मात्र ती आज दिसली. तिला कोणी किल्ली दिली नव्हती. कोणाचा हात थरथरला म्हणून ती एका सेकंदाने चुकली नव्हती. अंगण, टाकी, दोरी, बादली आणि बादलीवरचा म्हातारा, सगळ्यांना घेऊन ती निमूट चालली होती. घड्याळजी एकटेच हसू लागले. त्यांनी हात खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला आणि त्याला हवं तसं थरथरू दिलं.

सूनबाई कामावरून आली ती गणवेशातच अंगणात बोलावली गेली. घड्याळजींनी नळी शनीच्या वाटेवर, थोडी पुढे रोखून ठेवली होती. ती वाकली आणि सवयीने तिचा हात नळीकडे गेला.

"हात लावू नकोस. श्वास धर. हलू नकोस."

तिला हसू फुटलं. मग ती स्थिर झाली. "बाबा, काहीच नाही इथे."

"येईल."

तो आला. सूनबाईच्या पाठीवरून घड्याळजींना ते कळलं. ती एवढी निश्चल त्यांनी तिला सोफ्यावरही पाहिली नव्हती. मिनिटभराने तिने सासूला हाक मारली, आई, लवकर या.

"लवकर कशाला," घड्याळजी म्हणाले. "सावकाश येऊ दे. गेला तर मी पुन्हा लावून देतो."

बायको आली, वाकली. या वेळी काळं नव्हतं. ती पुटपुटली की हा तर कोणीतरी चिकटवल्यासारखा दिसतोय, अगदी खोटा. पण ती डोळा काढेना.

रविवारी सकाळी सूनबाई तिवईच्या पायाची चिठ्ठी सोडायला गेली. खोक्यात तोवर सासूने जुन्या चादरी भरल्या होत्या. चिठ्ठीच्या मागे आणखी काही लिहिलेलं होतं. हे अक्षर तिने कधी पाहिलं नव्हतं. रेघा वाकड्यातिकड्या, एक काना दुसऱ्यावर चढलेला. दोष नाही. वेळेवर चालते. मालकाचे आभार.

घड्याळजी दारात उभे होते. दवाखान्यात पेशंट हलला की फोटो पुन्हा काढतात, हे त्यांना तिच्याकडूनच माहीत होतं.

"हललंय जरा," ते म्हणाले. "पुन्हा लिहून देऊ?"

"नको," सूनबाई म्हणाली. "हे नीट आलंय."