अशोकचा मावसभाऊ

आमच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन पोरगं आलं, की चहाचा पहिला कप संपायच्या आत प्रश्न येतोच. "तुमच्यात किती टिकतं हो?" जसं काही आम्ही मिक्सर विकायला बसलोय आणि हे वॉरंटी विचारतायत!

ग्रुप म्हणजे आम्ही सात-आठ गे पुरुष, बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे. रविवारी सकाळी वाशीत कुणाच्या तरी घरी जमायचं, पोहे खायचे, आणि कुणाच्या तरी आयुष्यात काहीतरी झालेलं असतंच. किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. माझं स्वतःचं कुणाशीच दोन वर्षांवर टिकलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांचं बघायला मला वेळ भरपूर. आकडा मला सांगता येत नाही. मी आपला किस्से सांगतो.

*

संजय आणि किरण कोपरखैरण्यात भाड्याने राहायचे. नऊ वर्षं. मग संजयच्या वडिलांना अ‍ॅटॅक आला आणि त्यांनी आयसीयूतून फर्मान काढलं, "सुनेचं तोंड बघूनच जाईन." संजय हो म्हणून मोकळा झाला.

किरणने भांडण केलं नाही. उलट लग्नाचे कपडे घ्यायला तोच संजयबरोबर गेला. दुकानदार टेप घेऊन उभा, आणि संजय बाहेर फोनवर, होणाऱ्या सासऱ्यांशी. किरणने खांदा, छाती, बाही, सगळी मापं तोंडपाठ सांगून टाकली.

"भाऊ का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. रूममेट."

लग्नात किरण आहेराच्या पाकिटांची पिशवी सांभाळत उभा होता. वडील अजून ठणठणीत आहेत, रोज खाडीकाठी फिरायला जातात. हे ऐकून नवीन पोरं हसतात. मला त्या म्हाताऱ्याचा अजून राग येतो.

*

आता टिकलेलं सांगतो. अशोक आणि मधू. अशोक साताऱ्याकडचा, वाशीत एका कंपनीत अकाउंट्सला. मधू घणसोलीजवळच्या तळवलीचा आगरी, एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर कामाला. वीसेक वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिले. वडील गेल्यावर अशोकची आई साताऱ्याहून कायमची इथे आली.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आल्या आल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये गाठलं. "हा दुसरा मुलगा कोण हो तुमचा?"

आईने क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या बहिणीचा. अशोकचा मावसभाऊ." आईला बहीण नव्हतीच. चार भावांत ती एकटी.

काकूंनी पुढे विचारलं, बहीण कुठे असते. आई म्हणाली, वारली. घरी येऊन अशोकला म्हणाली, "उद्यापासून हा तुझा मावसभाऊ. मला पुन्हा काही विचारू नकोस." त्याने विचारलं नाही. तीही त्यावर कधी बोलली नाही.

*

पुढच्याच महिन्यात ही वारलेली बहीण सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन सोसायटीच्या गेटवर हजर! "मी मधूची आय हाय," असं तिने वॉचमनला ठणकावून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नेमक्या तिथेच. त्याच तिला वर घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "अहो, तुमची बहीण तर वारली ना?"

"ती मोठी," आई म्हणाली. "ही धाकटी. तिच्या मागे हिनेच वाढवलं त्याला."

मधूच्या आयने एकदा आईकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग चपला काढून आत आली आणि म्हणाली, "ताय, पानी दे गो." तेव्हापासून महिन्यातून एकदा ती बहिणीकडे यायची.

*

म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं, असं नाही. आई माळकरी. घरात मासे बंद. आगरी माणसाला मासे बंद म्हणजे काय, ते आगरी माणसालाच विचारा! मधूने वर्षभर काढलं, आणि एका रविवारी मोठं भांडण करून तळवलीला निघून गेला. म्हणाला, आता येत नाही.

नवरा-बायकोचं बिनसलं तर मामा-काका मध्ये पडतात, बैठक बसते. आमच्यात कोण पडणार? शेवटी ग्रुपमधले आम्ही दोघे जण पेढ्यांचा बॉक्स घेऊन तळवलीला गेलो. काय बोलायचं ते आम्हाला कळेना, आणि आम्ही कशाला आलोय ते मधूच्या मामाला कळेना. त्याने सोसायटीच्या पाण्याबद्दल तासभर चौकशी केली आणि आम्ही परत आलो.

मिटवलं ते आईने. मधूला फोन करून म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात आहे, तुझ्या नाही. वेगळा तवा आणलाय. ये." मधू संध्याकाळी परत आला. मला कुणी विचारलं, की नातं टिकतं कशावर, तर प्रेमाबिमाच्या आधी मला तो तवा आठवतो.

*

गेल्या वर्षी अशोक ऑफिसात कोसळला. मेंदूत रक्तस्राव. मधू गाळ्यावरून तसाच धावत हॉस्पिटलात पोचला, मीही गेलो. डॉक्टर घाईत होते. ऑपरेशन करायचं तर जबाबदार नातेवाईक हवा. "तुम्ही पेशंटचे कोण?"

आणि मधू म्हणाला, "मावसभाऊ."

इतकी वर्षं जे बोलत आला तेच बोलला. डॉक्टर म्हणाले, मग जवळचं कुणी बोलवा. सख्खा भाऊ आहे का? होता. विलास, साताऱ्याला. मधूवरून अशोकशी बोलणं टाकलेला. आईला विचारावं, तर ऐंशीच्या बाईवर डॉक्टर हे टाकायला तयार नव्हते. विलास फोनवर म्हणाला, "मी आल्याशिवाय हात लावू नका." तो आला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर अशोक व्हेंटिलेटरवर गेला होता.

आधी ऑपरेशन झालं असतं तर वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मधू बाकावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माज्या तोंडातून तेच आलं रे."

शेवटच्या संध्याकाळी आत एकालाच सोडत होते. विलास गेला. मधू बाहेर बसला होता. त्याला अशोक दिसला तो थेट घरी, पांढऱ्या कापडात.

*

तेराव्याला फ्लॅट माणसांनी भरला होता. आमच्याकडची रीत माहीत असेलच. त्या दिवशी सोयरे दुखवटा आणतात. बाईचा नवरा गेला असेल तर तिला माहेरचं लुगडं येतं, पुरुषांना सोयरे टोपी-टॉवेल करतात. अगदी घरच्या माणसालाच करतात. मावसभावाला कुणी काही आणत नाही.

विलासला पाटावर बसवलं. त्याच्या सासऱ्यांनी त्याला टोपी घातली. मग विलास सगळ्यांसमोर आईला म्हणाला, की महिन्याभरात फ्लॅट विकू, तू साताऱ्याला चल, आणि मधूने आपलं कुठेतरी बघावं. मधू तेव्हा पाहुण्यांना पाण्याचे ग्लास देत होता. तो पुढच्या पाहुण्याकडे वळला.

इतक्यात दारात मधूची आय. मागे तिचा भाऊ, तोच तळवलीचा मामा, हातात नव्या कपड्यांचं ताट. ताटात पांढरं धोतर, टॉवेल, टोपी. बसलेले सगळे बघायला लागले.

विलास उठला. "हे कुणासाठी?"

"मधूसाठी."

"त्याला कशाला? तो कोण लागतो?"

मधूच्या आयने पदर खोचला. "आमचे पोराचा मानूस गेलाय," ती म्हणाली. "आमी नाय आननार त कोन आननार?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मान खाली घातली. विलासने आईकडे पाहिलं. आता तीच काय ते सांगेल, अशा नजरेने.

आई भिंतीला धरून उठली. विलास ज्या पाटावर बसला होता तो तिने पायाने सरळ केला.

"मधू," ती म्हणाली, "ग्लास ठेव खाली. इथे बस. पूर्वेकडे तोंड कर."