चाड्यावरचा हात

हस्ताचा पाऊस उघडला, की आमच्या गल्लीतल्या बायका एक दिवस घर, गुरं आणि नवरे जागच्या जागी सोडून धारूरच्या डोंगरात सीताफळांना जात. वर्षातला हा माझा सगळ्यात लाडका दिवस. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो एकदाही चुकवला नाही. एका साली अंगात ताप होता तरी गेले, आणि ताप डोंगरातच सोडून आले.

ज्या सालची गोष्ट सांगते आहे, त्या साली मात्र मी तोंड पाडून निघाले होते. कारण आदल्या सालचं होतं. सासूबाई वारल्या आणि रब्बीच्या पेरणीला तिफणीवरचं, म्हणजे पेरायच्या औतावरचं, चाडं माझ्या हाती आलं. चाडं म्हणजे लाकडी वाटी, तळाला तीन भोकं. बैल पुरुषानं हाकायचे आणि बाईनं मागून चालत मुठीतलं बी चाड्यात सोडायचं, ही आमच्याकडची रीत. मी घाबरून बैलांच्या पायांकडं बघत राहिले. ते भराभर चालले की माझी मूठ आवळायची, रेंगाळले की सुटायची. आठ दिवसांनी जोंधळा उगवला तो इथं झुपका, तिथं टक्कल. त्यात ते रान नेमकं गाडीवाटेला लागून. स्वयंपाक बिघडला तर घरातच राहतो. पेरणी बिघडली की चार महिने उभी राहून सगळ्यांना सांगते. येणारे-जाणारे गाडी थांबवून आमच्या गड्याला विचारीत, "कुणी पेरलं बे हे, डोळे मिटून?" मी पदराआड दातओठ खायची.

औंदा सासऱ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "चाडं शेजारची आत्या धरंल." या आत्याचा हात गावात नावाजलेला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. तरी राग जात नव्हता. एकदा हातचं गेलेलं चाडं बाईला सहसा परत मिळत नाही. मला ते हवं होतं, आणि पेरणीला दिवस राहिले होते चार.

डोंगरात आत्या सगळ्यांच्या पुढं होती. फळाच्या खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या झाल्या की सीताफळाचा डोळा उघडला म्हणायचं, आणि मगच तोडायचं. मी रागारागात हाताला येईल ते टोपलीत टाकत होते. आत्यानं एक उचलून बघितलं.

"ह्याचा डोळा कुठं उघडलाय? कावून तोडलंस? आता काळं पडंल, पिकायचं न्हाई. तुला समद्याचीच लई घाई हाय."

हे बोलणं फळापुरतं नव्हतं. मी खाली पडलेलं एक पिकलं फळ उचललं आणि कुणाला न सांगता ओढ्याच्या अंगाला जाऊन बसले.

तिथं दरडीतून पाणी झिरपत होतं. एक थेंब खालच्या दगडावर पडायचा, मग दुसरा. वर वानरांनी फांद्या हलवून धुमाकूळ घातला, वारा आला, लांब बायका एकमेकींना हाका मारीत होत्या. थेंब मात्र आपल्या वेळेला पडत होता. कोण घाईत आहे, कोण रेंगाळलंय, त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मी फळ खाल्लं. काळ्या गुळगुळीत बिया मुठीत साठल्या होत्या. उगाच थेंबाबरोबर एक बी सोडली. मग दुसरी. आधी दोन-दोन, तीन-तीन निसटायच्या. पुन्हा वेचून घेतल्या, पुन्हा सोडल्या. किती वेळ गेला कोण जाणे, पण अंगठा आपसूक सरकू लागला आणि मला एकदम उमजलं, की माझा हात वाईट नव्हताच. मी बैलांच्या चालीवर जात होते, हे वाईट होतं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

वळून बघते तर मागं आत्या. किती वेळ उभी होती देव जाणे. तिनं आपल्या मुठीतल्या बिया माझ्या ओंजळीत टाकल्या.

"बसून कुणालाबी जमतंय. चालत कर."

मी त्या दगडाभोवती फेऱ्या मारत बिया सोडल्या. आत्या खाली वाकून त्यांच्यामधलं अंतर बघत होती. शेवटी म्हणाली, "सासऱ्याला सांग, माजी कंबर धरलीया."

"कधी धरली?"

"आत्ताच," असं म्हणून तिनं काठोकाठ भरलेली टोपली एकटीनं डोक्यावर घेतली आणि ताडताड डोंगर उतरायला लागली.

घरी आल्याबरोबर मी सासऱ्यांपुढं उभी राहिले. "आत्याची कंबर धरलीया. चाडं मी धरते."

"आन गेल्या सालावानी झालं तर?"

"तर पुन्यांदा मागणार न्हाई. औंदा धरते."

ते हो म्हणाले नाहीत. पेरणीच्या दिवशी सकाळी मात्र बियाण्याचं गाठोडं त्यांनी माझ्यापुढं आणून ठेवलं. मी दिवसभर बैलांकडं बघितलं नाही. जोंधळा उगवला तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखा. एका जागी हातभर खाडा पडला, तेवढा पडला. त्याचा दोष मी अजूनही मनगटाला चावलेल्या गोमाशीला देते.

पीक गुडघ्याला लागलं तेव्हा निजामाच्या तहसिलीतला गिरदावर, म्हणजे पिकं तपासणारा अंमलदार, तट्टावर बसून रानं बघत आला. आमच्या रानापाशी थांबला. सासरे हात जोडून पुढं गेले. मी भाकरी घेऊन बांधावर आले होते.

"कौन बोया जी ये?" त्यानं विचारलं.

सरकारी माणसापुढं घरातल्या बाईचा विषय कुणी काढत नसे. 'हमने' म्हणून टाकलं असतं, तर कुणी बोट ठेवलं नसतं.

"हमारी सून," सासरे म्हणाले. साहेबाला कळलं नसावं असं वाटून त्यांनी माझ्याकडं हात केला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा म्हणाले, "ये. ये हमारी सून."